कमवा आणि शिका
विद्यार्थ्याने रोज ठरावीक वेळ श्रम करून शिक्षणाचा व निवासाचा खर्च पूर्णतः वा अंशतः भागवण्याची योजना. कर्मवीर भाऊराव पाटील (२२ सप्टेंबर १८८७ – ९ मे १९५९) व त्यांची रयत शिक्षण संस्था यांच्यामुळे ती साताऱ्याच्या नावाशी जोडली गेली.

आरंभ कोठे धरावा, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक दुधगाव (जि. सांगली) येथील १९१० च्या सुमारच्या विद्यार्थी आश्रमापर्यंत मागे जातात. काले (ता. कराड) येथे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी संस्था स्थापन झाली, तोच आरंभ असे दुसरे मत. तिसरे मत १९२४ च्या सातारा येथील वसतिगृहाला मान देते. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवत. पाणी भरणे, दळण, भाकऱ्या भाजणे ही कामे पाळीने करीत. महात्मा गांधींनी १९२७ मध्ये त्याला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव दिले. महाविद्यालयीन पातळीवरची योजना मात्र १९४७ मध्ये साताऱ्यात निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाची. दुधगाव व काले ही बीजे म्हणता येतील. श्रमाची शिस्त आणि सहजीवन यांची सांगड साताऱ्यातच ठळकपणे दिसते, म्हणून १९२४ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ या संस्थेच्या घोषवाक्यामुळे हे काम सरकारी पैशाविना चालले, असा समज रूढ आहे. तो निम्माच खरा. मुष्टिफंडातून घरोघरचे मूठमूठ धान्य येई, भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांचे दागिनेही बोर्डिंगच्या खर्चात गेले. पण संस्थेचा पसारा वाढला तसे शाळांचे गणित अनुदानावरही बसू लागले. १९४८ च्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने हे अनुदान रोखले. भाऊरावांची सरकारवरील जाहीर टीका हे त्याचे कारण सांगितले जाते. पुढे ते पुन्हा सुरू झाले. त्यात गाडगे महाराजांनी रदबदली केल्याचे चरित्रकार सांगतात. कराडच्या महाविद्यालयाला (१९५४) त्यांचेच नाव आहे.

आज राज्यातील अनेक विद्यापीठे व महाविद्यालये ही योजना राबवतात. ग्रंथालयातील पुस्तकांना क्रमांक चिकटवणे, बागेला पाणी देणे, कार्यालयीन नोंदी अशी कामे असतात. हजेरीपटावरील तासांनुसार मानधन मिळते.