ध्वनी उपकरणांची ओळख व निवड (सॉफ्टवेअर)

संगणकाला जोडलेले माइक, स्पीकर, हेडफोन, ऑडिओ इंटरफेस यांची यादी मिळवून आवाज कुठून घ्यायचा आणि कुठे सोडायचा हे प्रोग्रामने ठरवण्याची पद्धत. यादी ऑपरेटिंग सिस्टिम पुरवते: विंडोजमध्ये व्हिस्टापासून (२००७) वासापी ही ध्वनिव्यवस्था, मॅकवर कोअर ऑडिओ, लिनक्सवर अल्सा व त्यावर बसणारे पल्सऑडिओ किंवा पाइपवायर.

यादीवर डोळे मिटून विसंबू नये. विंडोजमध्ये जुन्या-नव्या अनेक व्यवस्था शेजारी नांदत असल्याने काही प्रोग्राममध्ये एकच माइक तीन-चार वेळा दिसतो, आणि एमएमई या विंडोजच्या जुन्या ध्वनिव्यवस्थेत नाव ३१ अक्षरांवर तुटते. लिनक्सच्या यादीत ‘मॉनिटर’ नावाचे स्रोतही असतात. ते निवडले तर माइकऐवजी स्पीकरकडे जाणारा आवाजच रेकॉर्ड होतो.

निवड जतन करताना उपकरणाचा यादीतला क्रमांक कधीच साठवू नये. यूएसबी काढून लावली की तो बदलू शकतो. नावही पुरत नाही, कारण एकाच कंपनीचे दोन माइक सारखेच दिसतात. सिस्टिमने दिलेला कायमचा आयडी साठवावा आणि ते उपकरण हजर नसेल तर डिफॉल्टवर जाऊन वापरणाऱ्याला तसे सांगावे. गुपचूप बदल करणारे प्रोग्राम सर्वांत त्रासदायक.

विंडोजमध्ये डिफॉल्टही एकच नसते: नेहमीचे वेगळे, कॉलसाठीचे वेगळे. ग्वाल्हेरला लष्कर भागात बसून पुण्याच्या शिष्येला ख्याल शिकवणाऱ्या गुरूला हा फरक लगेच जाणवतो. संगणकावर तानपुऱ्याचे ॲप लावलेले असते आणि कॉल लागताच तानपुरा जवळजवळ गायब होतो. कॉल चालू असताना इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करणे ही विंडोजची मूळ सेटिंग आहे. साउंडच्या ‘कम्युनिकेशन्स’ टॅबमध्ये ती बंद करता येते. खोलीत खराच तानपुरा वाजत असेल तर अडचण निराळी: आवाजशुद्धीचे फिल्टर त्याचा अखंड नाद गोंगाट समजून गिळतात. म्हणून माइक उघडतानाच गोंगाट-दमन, प्रतिध्वनी-दमन आणि आपोआप पातळी ठरवणे हे तिन्ही बंद करावे. प्रतिध्वनी-दमन बंद केल्यावर मात्र हेडफोन हवेतच.

सॅम्पल रेटची, म्हणजे दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात त्या आकड्याची, गफलत गाण्यात लपत नाही. ४४,१०० हर्ट्झचे रेकॉर्डिंग रूपांतर न करता ४८,००० ने वाजवले तर सूर सुमारे दीड सेमीटोन (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर म्हणजे एक सेमीटोन) चढतो: काळी एकचा षड्ज पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी जातो, लयही वाढते. उपकरण निवडल्यावर त्याचा प्रत्यक्ष रेट विचारून घेणे हाच उपाय.

ब्राउझरमध्ये माइकची परवानगी मिळेपर्यंत उपकरणांची नावे कोरी येतात. आयडी प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळा असतो आणि कुकीज पुसल्या की बदलतो. म्हणून आधी परवानगी, मग यादी.

ब्लूटूथ हेडसेटचा माइक निवडताच जुन्या पद्धतीत जोडणी कॉलच्या प्रोफाइलवर जाते आणि कानातला आवाज ८ किंवा १६ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटचा, एकाच वाहिनीचा (मोनो) होतो. त्यावर तोड म्हणजे ऐकायला हेडसेट आणि बोलायला दुसरा माइक.

यादीत नाव आले म्हणजे आवाज येतोच असे नाही. निवडीनंतर दोन-तीन सेकंद पातळी मोजावी. सगळे नमुने नेमके शून्य आले तर बहुधा परवानगी नाकारलेली किंवा माइकचे म्यूट बटण दाबलेले असते. नुसती बारीक खरखर आली, तर बहुधा दुसराच माइक उघडलेला असतो.