पिढीबदल आणि राजकीय निष्ठा (खानदेश)

ऐन तारुण्यात जे पाहिले, सोसले, त्यातून माणसाची राजकीय मूल्ये घडतात आणि ती पुष्कळदा जन्मभर टिकतात. अशी एक पिढी सरून दुसरी मतदार झाली की पक्षांचे बळही हलते. समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२८ मध्ये पिढीची ही कल्पना मांडली. एकाच साली जन्मल्याने पिढी होत नाही, एकच घडामोड एकत्र भोगल्याने होते, असे त्यांचे म्हणणे.

मत बदलण्याची कारणे मात्र तीन असतात आणि ती एकमेकांत मिसळतात. शेत-संसार अंगावर पडल्यावर बदलते ते वयामुळे. एखाद्या लाटेत आजोबा आणि नातू दोघेही वाहून जातात, तो काळाचा परिणाम. तारुण्यातली छाप म्हातारपणीही पुसली जात नाही, तेव्हाच तो पिढीचा म्हणावा. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात या तिन्हींचे धागे घराण्यांच्या इतिहासात गुंतलेले सापडतात.

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन झाले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. धनाजी नाना चौधरी यांनी ते उभे करण्यात पुढाकार घेतला, तर अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी त्यासाठी गावोगाव फिरून लोक जोडले. त्या वेळी विशीत असलेल्यांना काँग्रेस म्हणजे निवडणुकीतला एक पक्ष वाटत नव्हता. खादी, सूतकताई आणि तुरुंगवास यांचे ते नाव होते. सप्टेंबर १९४२ मध्ये नंदुरबारला शाळकरी वयाचा शिरीषकुमार मेहता आपल्या साथीदारांसह पोलिसांच्या गोळीला बळी पडला, तेव्हा ही छाप आणखी खोल गेली.

धनाजी नानांचे चिरंजीव मधुकरराव पुढे मंत्री आणि विधानसभेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या काळात ही निष्ठा शाळा आणि सहकारी साखर कारखान्यातून चालली. आजोबांनी चळवळीसाठी दिलेले मत नातू सोसायटीच्या कर्जासाठी, कारखान्याच्या सभासदत्वासाठी देऊ लागला. पक्ष तोच राहिला, पण त्यामागचे मूल्य बदलले. पिढीबदलाचा हा सर्वांत महत्त्वाचा आणि सहज नजरेतून सुटणारा प्रकार आहे, कारण निकालाच्या आकड्यांत तो दिसत नाही. संस्था दुबळ्या झाल्या तेव्हा त्यांच्या आधाराने टिकलेले मतही सैल झाले. २०२४ मध्ये रावेर विधानसभेत धनाजी नानांच्या चौथ्या पिढीतले धनंजय चौधरी काँग्रेसकडून उभे होते. भाजपचे अमोल जावळे निवडून आले. तेही माजी खासदार हरिभाऊ जावळे यांचे चिरंजीव. उमेदवार दोन्हीकडे नव्या पिढीचे, पण घराणी मतदारांच्या ओळखीची.

धुळ्यात वेगळे घडले. चुडामण आण्णा पाटील काँग्रेसचे खासदार, पुत्र रोहिदास पाटील मंत्री, नातू कुणाल पाटील काँग्रेसचे आमदार. २०२४ मध्ये पराभव झाल्यावर कुणाल पाटील २०२५ मध्ये भाजपमध्ये गेले. अशा वेळी कार्यकर्ता आधी घराण्याचा की पक्षाचा, हा प्रश्न गावोगाव उघड होतो.

मात्र प्रत्येक उलथापालथ पिढीच्या माथी मारता येत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ साली धुळ्यातून जनसंघाचे उत्तमराव पाटील लोकसभेवर गेले. १९६२ मध्ये तीच जागा काँग्रेसने परत घेतली. हा काळाचा परिणाम होता.

सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी तरुणांची घडण आणखी निराळी झाली. शहाद्यात १९७० च्या दशकारंभी अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेने गहाण पडलेल्या जमिनींचा व मजुरीचा लढा उभारला. पुढे वनहक्कांचा आणि नर्मदेच्या विस्थापितांचा प्रश्न आला. येथे ‘जमीन कोणाची’ हे मूल्य पक्षापेक्षा जुने आणि चिवट ठरले.

१९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. त्याच सुमारास खानदेशातले असंख्य तरुण यंत्रमाग आणि कापड बाजारातल्या कामासाठी सुरतेची वाट धरत होते. ही मंडळी दिवाळीला, लग्नसराईला गावी येतात तेव्हा शहरातल्या राजकारणाची भाषाही बरोबर येते. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारीचे खासदार आणि गुजरात भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले, यातून या नात्याची खोली कळते. खानदेशातल्या मतबदलाचा विचार करताना पिढीइतकेच स्थलांतरालाही वजन द्यावे लागते.

नंदुरबार लोकसभा मतदारसंघाने माणिकराव गावित यांना काँग्रेसकडून सलग नऊ वेळा निवडले. २०१४ मध्ये सव्विशीतल्या डॉ. हिना गावित यांनी भाजपकडून त्यांना हरवले, तेव्हा तरुण मतदार कायमचा काँग्रेसपासून दूर गेला असे मानले गेले. २०२४ मध्ये काँग्रेसचे तरुण वकील गोवाल पाडवी यांनी हिना गावितांचा पराभव केला. सहाच महिन्यांनी, त्याच मतदारसंघातल्या अक्कलकुव्यात, गोवाल यांचे वडील के. सी. पाडवी विधानसभेला पडले आणि शिवसेनेचे आमश्या पाडवी निवडून आले.