मोडीत गेलं नाही, ते बागेत आलं

उखळात कमळ, बंबात मनीप्लांट, जात्याच्या तळीवर तुळस. घरातल्या जुन्या वस्तू फुलझाडांमध्ये मांडायची हौस आता बरीच दिसते. पण घरातली वस्तू परसात येणं काही नवं नाही. कोणती वस्तू तिथवर पोचली आणि कोणती वाटेतच नाहीशी झाली, हे मात्र हौसेपेक्षा मोडीच्या भावानं ठरवलं, असं मला वाटतं.

१९६० आणि ७० च्या दशकांत स्टेनलेस स्टील घराघरांत शिरलं. तांब्या-पितळेची भांडी घासायची दगदग, दर काही महिन्यांनी कल्हईवाल्याची वाट पाहणं, हे सगळं बायकांच्याच वाट्याचं होतं. त्यामुळे स्टीलचं कौतुक झालं ते योग्यच होतं. पण नवे डबे घ्यायचे तर जुनं पितळ भांड्याच्या दुकानात वजनावर द्यायचं आणि घट वजा जाता उरेल त्यात वर पैसे घालायचे, अशी रीत. ‘मोडीत काढणं’ हे आपण आज माणसांबद्दलही म्हणतो, ते या तराजूवरून आलेलं. आजोबांचं नाव कोरलेले हंडे, घंगाळं, पिंपं असंच गेलं. कुणाच्या फीला, कुणाच्या लग्नाला. त्या पिढीला नावं ठेवायचं माझ्या तरी मनात येत नाही.

दगडाला मोड नव्हती. गावोगावी पिठाच्या गिरण्या झाल्या, मग मिक्सर आला, आणि जातं, पाटा, उखळ सगळं एकदम बिनकामाचं झालं. विकून चार पैसे येणार नाहीत आणि टाकून द्यायलाही मन धजेना, कारण लग्नाची हळद त्याच जात्यावर दळलेली, त्याला हळकुंड-सुपारी बांधून पूजा केलेली. शिवाय पहाटेच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांबरोबर गावोगावच्या बायकांकडून अशा ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखावर गेली. एवढं ज्याच्यापाशी बोललं गेलं, ते उकिरड्यावर कसं टाकायचं? मग ते परसदारी गेलं, अबोली-कोरांटीच्या कडेला.

चाळीत परसदार नव्हतं, गॅलरी होती. तिथली बाग पत्र्याच्या डब्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी रॉकेल मुंबई बंदरात उतरू लागलं ते साधारण १८ लिटरच्या चौकोनी डब्यांतून, लाकडी खोक्यात दोन-दोन. रॉकेल संपलं की त्या डब्याला दांडा बसवून पाणी भरायचं, धान्य ठेवायचं आणि तळ कुजायला आला की खिळ्यानं भोकं पाडून तुळस लावायची. १९३७ मध्ये डालडा आलं आणि माडाचं चित्र असलेला पिवळा डबा त्या रांगेत जाऊन बसला. सदाफुली, गुलबक्षी, चिनी गुलाब, फार माती न मागणारी झाडं त्यात सुखानं वाढली. गेरूचा हात दिला तर डबा थोडा जास्त टिकायचा, एवढंच.

पुण्यात वाड्यांचं दुखणं वेगळं. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पडले आणि पुढच्या दशकांत उरलेल्यांच्या जागी इमारती आल्या. तिसऱ्या मजल्यावर उखळ कोण नेणार? ज्यांना खाली चार हात जमीन मिळाली त्यांनी ते झाडाखाली ठेवलं. बाकीचं बांधकामाच्या राडारोड्यात गेलं.

तांब्याचा बंब बागेत दिसू लागला तो अलीकडे, विकायची गरज नसलेल्या घरांत. कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोके घालून घडवलेलं, अंघोळीचं पाणी तापवायचं हे भांडं, मधोमध निखाऱ्यांची नळी. त्यात थेट माती भरू नये. मुळाचं टोक तांब्याला टेकलं की वाढ थांबते, हे रोपवाटिकावाल्यांना नीट माहीत आहे. कुंडीत मुळं गोल फिरू नयेत म्हणून आतून तांब्याच्या क्षाराचा लेप देण्याची पद्धत याच गुणावर चालते. आत वेगळी कुंडी ठेवली की झालं. उखळाचंही तसंच. पाणी जायला भोक पाडायला जावं तर दगड तडकतो, म्हणून त्यात पाणवनस्पतीच बऱ्या, आणि डासांसाठी दोन-चार गप्पी मासे.

आता जुन्या बाजारातून जाती विकत घेऊन रिसॉर्टच्या हिरवळीवर रांगेनं मांडतात. दगड टिकतो, हे खरं. पण कुणाच्या घरचं, हे सांगणारं कुणी तिथं नसतं, आणि मला ते बघवत नाही.

आमचं जातं शेवंतीच्या वाफ्याला टेकून आहे. वरच्या पाळूच्या, म्हणजे फिरणाऱ्या दगडाच्या, तोंडाची कड एका बाजूनं जास्त झिजली आहे, आजी उजव्या हातानं खुंटा धरायची आणि डाव्या मुठीनं दाणे सोडायची त्या बाजूनं. गेल्या वर्षी वाफा सारखा करताना आम्ही पाळू उलटी केली. खाली टाकीचे, म्हणजे दळणाची बाजू खरखरीत करायला मारलेल्या छिन्नीचे, घाव बोटाला अजून लागतात. गिरणी सुरू झाली त्याच्या थोडं आधीच आजीनं टाकी लावून घेतली असणार.