धर्मशिक्षण आधी मोठ्यांचे होते: प्रौढ वर्ग आणि समूहसभेची पार्श्वभूमी

धर्मशिक्षण म्हटले की रविवारच्या मिस्सानंतर (उपासनेनंतर) वर्गात बसलेली मुलेच डोळ्यांपुढे येतात. पहिला कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) झाला, पुढे दृढीकरणाचा संस्कार झाला की वही बंद. त्यामुळे एखाद्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मोठ्यांसाठी बायबलवर्ग किंवा शेजाऱ्यांनी घरोघरी जमून बायबल वाचण्याची समूहसभा सुरू झाली की हे काहीतरी नवे खूळ आहे असे अनेकांना वाटते. इतिहास मात्र उलटा आहे. ख्रिस्तसभेच्या पहिल्या चार-पाच शतकांत धर्मशिक्षण प्रामुख्याने प्रौढांचेच होते. मुलांचा वर्ग फार पुढे आला.

रोमचे धर्मगुरू हिप्पोलित यांच्या नावावर असलेल्या प्राचीन नियमग्रंथात स्नानसंस्कारासाठी (बाप्तिस्म्यासाठी) येणाऱ्याला तीन वर्षे शिकवावे असे सांगितले आहे. मात्र त्याचे वागणे चांगले असेल तर केवळ काळ मोजत बसू नये, असेही त्यात आहे. येणाऱ्याला कोणी आणले, तो काय काम करतो, हे आधी विचारले जाई. मूर्ती घडवणाऱ्याला किंवा रिंगणात झुंजणाऱ्याला धंदा सोडावा लागे. शिक्षण म्हणजे पाठांतर नव्हे, जगण्याची तपासणी, असा हा सगळा व्यवहार होता.

चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची यात्रेकरू स्त्री जेरुसलेमला गेली. तिने तिथल्या उपवासकाळाचे, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यांचे, बारकाईने वर्णन लिहून ठेवले आहे. बिशप रोज तीन तास शिकवत. उत्पत्तीच्या पुस्तकापासून सुरुवात करून आधी सरळ अर्थ, मग त्यातला आध्यात्मिक अर्थ, आणि पाच आठवड्यांनंतर श्रद्धासूत्र (ख्रिस्ती श्रद्धेचा थोडक्यात सारांश) असा क्रम होता. ते ग्रीकमध्ये बोलत आणि बाजूला उभा असलेला धर्मगुरू तेच सिरियाकमध्ये सांगे, म्हणजे ग्रीक न येणाऱ्यांना कळावे. लॅटिन बोलणाऱ्यांनाही कोणीतरी समजावून देत असे. शिकणाऱ्याच्या भाषेची एवढी काळजी नंतरच्या काळात अनेकदा घेतली गेली नाही.

याच सुमारास, सन ४०० च्या आसपास, उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या डीकनने (धर्मगुरूंच्या साहाय्यकाने) संत ऑगस्टीन यांच्याकडे तक्रार केली: नवख्यांना शिकवताना माझे बोलणे लांबते आणि मलाच कंटाळवाणे वाटते. ऑगस्टीन यांनी उत्तरादाखल लिहिलेला छोटा ग्रंथ आजही प्रौढ वर्ग घेणाऱ्याने वाचावा असा आहे. सगळे सांगत बसू नका, मोजके प्रसंग निवडून त्यांवर थांबा. समोरचा शिकलेला असेल तर त्याने काय वाचले आहे ते आधी विचारा. तो जांभया देऊ लागला तर विषयात जान आणा, नाहीतर त्याला बसायला द्या. त्या भागात लोक उभ्यानेच ऐकत, म्हणून ही शेवटची सूचना. वर्ग का फसतो याचे निदान इतक्या नेमकेपणाने पुढे फार थोड्यांनी केले आहे.

मग बालकांचा स्नानसंस्कार सर्वत्र रूढ झाला, जवळजवळ सारा समाज ख्रिस्ती झाला आणि प्रौढांचा टप्प्याटप्प्याचा अभ्यासक्रम गळून पडला. उरले ते प्रवचन आणि घरातले संस्कार.

आपल्याकडे हा विषय पुन्हा उभा राहिला तो गोव्यात. १५४२ मध्ये आलेले संत फ्रान्सिस झेवियर रस्त्यातून घंटा वाजवत मुलांना आणि गुलामांना दोत्रीनसाठी (धर्मशिकवणीसाठी) बोलावत. पुढे गोव्यातल्या साष्टीत काम करणारे इंग्रज येशूसंघीय (जेझुइट) फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापुढे वेगळीच मागणी आली. ती त्यांनी स्वतःच आपल्या ख्रिस्तपुराण या काव्यात नोंदवली आहे: नुकताच ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण धर्मशिक्षणाच्या वेळी म्हणाला की आमची जुनी पुराणे तर बंद झाली, मग वाचायला आम्हाला तसेच काही का देत नाही? मराठीतले ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. इगर्जीत (चर्चमध्ये) लोक जमून ते ऐकत, गात. गोव्यातल्या प्रौढांचे धर्मशिक्षण इतके आपल्या वळणाचे पुन्हा क्वचितच झाले असेल. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावे आणि धर्मगुरूंनी शिकवणही त्याच भाषेत द्यावी. शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोर्तुगीज पोहोचली नाही. पाठ केलेल्या प्रार्थना मात्र राहिल्या. ख्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातील छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ते तरले हस्तलिखितांमुळे. देवनागरीत ते १९५६ मध्ये आले.

समूहाची दुसरी वाट प्रोटेस्टंट मंडळीतून आली, आणि तिचा उगम कर्जातून झाला. १७४२ मध्ये इंग्लंडातील ब्रिस्टलच्या मेथडिस्ट पंथीयांवर प्रार्थनागृहाच्या बांधकामाचे देणे होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि साधारण बारा जणांमागे एकाने ती घरोघरी जाऊन गोळा करावी असे ठरले. पैसे गोळा करणाऱ्याला घराघरातले आजार, भांडणे, दारू सगळे दिसू लागले. मेथडिस्टांचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी ते हेरले आणि वसुलीची फेरी साप्ताहिक बैठकीत बदलली. हीच रीत अमेरिकन प्रचारक विल्यम टेलर यांनी मुंबईत आणली. १८७१ च्या अखेरीस आलेल्या टेलर यांनी घरांमधून सहभागितेचे छोटे गट बांधले आणि १८७२ मध्ये त्यांतूनच मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. महाराष्ट्राच्या मातीतली सर्वात धाडसी बांधणी मात्र रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. १९१७ मध्ये त्यांनी साताऱ्यात सुरू केलेल्या देवाच्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसत. १९१९ मध्ये टिळक गेले आणि प्रयोगाचा आधार गेला. त्यांची भजने मात्र मराठी मंडळ्यांच्या बैठकींत आजही टाळावर म्हटली जातात.

कॅथलिक बाजूला १९०५ मध्ये पोप दहावे पायस यांनी मुलांच्या वर्गाबरोबर मोठ्यांसाठीही वेगळे धर्मशिक्षण बंधनकारक केले होते. श्रद्धासूत्र, संस्कार, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि ख्रिस्तसभेचे नियम हे चार-पाच वर्षांत पूर्ण करायचे होते. बहुतेक ठिकाणी यातला मुलांचा भाग टिकला, मोठ्यांचा कागदावर राहिला. बदल घडला तो जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. १९७१ च्या धर्मशिक्षण निर्देशिकेने प्रौढांचे धर्मशिक्षण हेच मुख्य रूप मानले, आणि १९७२ मध्ये प्रौढांच्या दीक्षेचा प्राचीन विधी पुन्हा अंमलात आला. चौकशीचा काळ, शिक्षणाचा काळ, उपवासकाळातील शुद्धीकरण आणि ईस्टरनंतरचे पन्नास दिवस असे त्याचे चार टप्पे. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी बिशपांसमोर उमेदवारांची निवड, तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या रविवारी परीक्षणविधी (अंतःकरण तपासण्याचे विधी), आणि पास्काजागरणाच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या, रात्री स्नानसंस्कार, दृढीकरण व ख्रिस्तशरीर (कम्युनियन) एकत्र.

घरगुती समूहांचा जोर त्याच सुमारास वाढला. लॅटिन अमेरिकेत बिशपांच्या १९६८ च्या मेडेलिन परिषदेने आणि पूर्व आफ्रिकेत सत्तरीतल्या बिशपांच्या निर्णयांनी छोट्या समूहांना बळ दिले. आपल्याकडे जे पोहोचले ते दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेचे साधन: बायबलच्या सात पायऱ्या. मुंबई धर्मप्रांताने १९८० च्या धर्मगुरूंच्या सिनडनंतर (विचारसभेनंतर) ही दिशा धरली. वसई तेव्हा मुंबईचाच भाग होती, १९९८ मध्ये वेगळी झाली. १९९० मध्ये इंडोनेशियातील बांडुंग येथे आशियाई बिशपांनीही सहभागी ख्रिस्तसभेचे हेच चित्र स्वीकारले.

सात पायऱ्या अशा: एकाने प्रार्थनेने प्रभूला बोलवायचे, उतारा वाचायचा, मग ज्याला जो शब्द किंवा छोटे वाक्य भिडले ते त्याने मोठ्याने म्हणायचे, शक्यतो तीनदा, मध्ये थोडी शांतता ठेवून, तीन ते पाच मिनिटे पूर्ण मौन, मला काय भिडले ते सांगायचे, समूहाने करायचे काम ठरवायचे, शेवटी उत्स्फूर्त प्रार्थना. सगळे तासाभरात बसते. हे साधन धर्मगुरूशिवाय चालावे म्हणूनच बनवले आहे.

बिघडते ते बहुधा पाचव्या, म्हणजे काय भिडले ते सांगण्याच्या, पायरीवर. ‘मला’ऐवजी ‘आपण सर्वांनी’ सुरू झाले की प्रवचन होते, आणि मग एकच बोलका माणूस सभा चालवतो. उपाय म्हणजे चालकाने आधीच सांगून ठेवायचे: प्रत्येकाने एकदा बोलावे, दुसऱ्याच्या बोलण्यावर चर्चा नको. मौनाची पायरी अवघड वाटते म्हणून अर्ध्या मिनिटात उरकली जाते, तिथे घड्याळ लावावे. सहावी पायरी तर सर्रास गळते. काम ठरलेच तर कोणी, कधी, हे लिहिले जात नाही, आणि पुढच्या सभेची सुरुवात मागच्या कामाच्या विचारणेने होत नाही. मग समूहसभा म्हणजे जपमाळ आणि चहा-फराळ. यजमानावर फराळाचे ओझे पडू लागले की गरीब घरे सभा नाकारतात, तेव्हा फक्त पाणी-चहा हा नियम पहिल्याच दिवशी करणे बरे. वसईकडे भातलावणीच्या दिवसांत सभा ठेवल्या की हजेरी कोसळते. रात्री नऊनंतर बायका थकलेल्या असतात, पुरुष मात्र तेव्हाच मोकळे होतात, आणि ही अडचण एका वेळेने सुटत नाही, आलटून-पालटून वेळ ठेवावी लागते.

स्नानसंस्काराची तयारी करणाऱ्या प्रौढांचा दीक्षावर्ग आणि समूह हे दोन धागे एकमेकांत न गुंफल्यास नुकसान नव्या माणसाचे होते. पास्काजागरणापर्यंत त्याच्याभोवती शिक्षक, पुरस्कर्ता (त्याला साथ देणारा ख्रिस्ती), प्रार्थना सगळे असते, आणि पन्नास दिवस संपले की कोणी विचारत नाही. तोवर तो राहतो त्या वाडीच्या समूहाशी त्याची ओळख झालेली नसेल तर मिस्साला येणेही हळूहळू थांबते. म्हणून पुरस्कर्ता शक्यतो त्याच समूहातला असावा, आणि शिक्षणाच्या काळातच उमेदवाराला महिन्यातून एकदा तरी तिथल्या सभेला न्यावे. १९७२ च्या विधीने स्नानसंस्काराच्या पहिल्या वर्षदिनी नवदीक्षितांना पुन्हा एकत्र बोलावण्याची सूचना केली आहे. ती तारीख दीक्षावर्गाच्या वहीत राहते, समूहाच्या वहीत क्वचितच उतरते. ती दोन्हीकडे लिहिण्याचे काम धर्मग्रामाच्या प्रौढ धर्मशिक्षण समितीचे.