कायद्याचं पदवीशिक्षण आणि जनवकिली (सातारा-सांगली)

बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं शिकून एलएलबी होण्याला सातारा-सांगलीकडं सरसकट 'लॉ करणं' म्हणतात. सीईटी, कॅप राउंड, फी हे घरोघर पाठ आहे, त्यामुळं इथं त्यात फार शिरत नाही. जनवकिली म्हणजे एका अशिलाऐवजी एका प्रश्नासाठी केलेली वकिली, कोर्टात आणि कोर्टाबाहेरही. सामाजिक संस्थांतले लोक तिला ॲडव्होकसीच म्हणतात.

इकडच्या कायदेशिक्षणाच्या उगमाबद्दल तीन मतं आहेत. पहिलं अभिमानाचं, की सुरुवात रामशास्त्री प्रभुण्यांपासून. शास्त्रीबुवा साताऱ्याजवळच्या माहुलीचे, जन्म साधारण 1720 च्या सुमारास धरतात, पेशव्यांचे न्यायाधीश झाले आणि 1773 च्या नारायणराव पेशव्यांच्या खुनात त्यांनी खुद्द राघोबादादांना दोषी धरलं. पण ते शिकले धर्मशास्त्र आणि तेही काशीला जाऊन, म्हणजे गाव साताऱ्याचं असलं तरी शाळा साताऱ्याची नव्हती. दुसरं मत वाईचं. तिथल्या प्राज्ञपाठशाळेच्या धर्मकोशाचं (धर्मशास्त्रातल्या वचनांचा संग्रह) जे व्यवहारकांड 1937 पासून छापून आलं त्यातला 'व्यवहार' म्हणजे दावा-खटला, आणि ऋणादान (कर्ज), निक्षेप (ठेव), सीमावाद (हद्दीचा तंटा), दायभाग (वारसावाटणी) ही प्रकरणं बघितली तर आजच्या दिवाणी कोर्टाच्या बोर्डावरचीच वाटतात. तरी ते संकलन होतं, त्यातून कोणाला सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नव्हती. तिसरं मत असं की इंग्रजी अमलातल्या प्लीडर (सनदी वकील) लोकांपासून हे शिक्षण धरावं, कारण परीक्षा, सनद आणि सिनियरच्या हाताखालची उमेदवारी या तिन्ही गोष्टी एकत्र तिथंच दिसतात (प्लीडरांबाबतचा मोठा कायदा 1879 चा). हे मत कमी रोमांचक आहे, पण जास्त पटण्यासारखं आहे.

'वकील' शब्दाचा घोळ वेगळाच. मूळ अरबी, आपल्याकडं फारसीतून आला आणि मराठी राज्यात त्याचा अर्थ दुसऱ्या दरबारात आपली बाजू मांडणारा प्रतिनिधी, कोर्टात उभा राहणारा नव्हे. रंगो बापूजी गुप्ते हे या जुन्या अर्थानं वकील. 1839 ला साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी गादीवरून काढलं, त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी 1840 ला लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षं तिथंच राहिले. अर्ज केले, सभा गाठल्या, जॉर्ज थॉम्पसनसारखे इंग्रज वक्ते आपल्या बाजूनं उभे केले. 1847 ला महाराज काशीला नजरकैदेतच वारले, पुढं राज्यही खालसा झालं, तरी हे मागं हटले नाहीत. काहींच्या मते हे निव्वळ दरबारी राजकारण, पण पद्धत बघितली तर आज पोरांना ॲडव्होकसी म्हणून जे शिकवतात ते हेच, फक्त पीपीटी नव्हती.

विसाव्या शतकात इकडची पोरं शिकायला मुंबई-पुण्याला जायची. मुंबईचं लॉ कॉलेज 1855 चं, पुण्याचं 1924 चं. देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण पुण्याहून 1941 ला एलएलबी झाले आणि कराडला वकिली सुरू केली. थोड्याच काळानं प्रतिसरकारची (इंग्रजांविरुद्धचं समांतर सरकार) लोकन्यायालयं गावोगाव तंटे मिटवत होती, म्हणजे एकाच भागात सनदवाला वकील आणि बिनसनदेचं कोर्ट दोन्ही नांदत होती.

आता साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे, सांगलीत एन. एस. सोटी लॉ कॉलेज आणि भारती विद्यापीठाचं न्यू लॉ कॉलेज. इकडचं शिवाजी विद्यापीठ 1962 चं. शिक्षणाची चौकट मात्र बार कौन्सिलच्या (वकिलांची नियामक संस्था) 2008 च्या नियमांची: हजेरी 70 टक्के, इंटर्नशिप तीन वर्षांच्या कोर्सला किमान 12 आठवडे, पाच वर्षांच्याला 20, शिवाय मूट कोर्ट (सरावाचा खटला), ड्राफ्टिंग, एडीआर (कोर्टाबाहेर तंटा मिटवणं) आणि व्यावसायिक नीती हे प्रात्यक्षिक पेपर. 1 जुलै 2024 पासून जुन्या आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यामुळं मधल्या बॅचना जुनी आणि नवी दोन्ही कलमं पाठ करावी लागली. आणि बाररूममधे अजूनही सगळे खुनाला जुनं 302 च म्हणतात.

पब्लिक पॉलिसी हा शब्द नवा, मामला जुना. इथल्या पोराला धोरण समजावायचं तर उसाचं बिल पुरतं. ऊस नियंत्रण आदेश 1966 चा, 2009 पासून एसएमपीच्या (किमान वैधानिक दर) जागी एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर), ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे, नाहीतर 15 टक्के व्याज. हे व्याज प्रत्यक्षात पदरात पाडून घ्यायला काय काय करावं लागतं, अर्ज कोणाकडं, वसुली कोण करणार, मोर्चा कधी आणि रिट (हायकोर्टातला अर्ज) कधी, एवढं समजलं की निम्मा सिलॅबस झाला. दुसरं उदाहरण कोयनेचं. धरणग्रस्त आधी उठले, पुनर्वसनाचा राज्याचा कायदा 1976 ला आला, म्हणजे लोक आधी आणि कलम नंतर, आणि हा क्रम वर्गात उलटा शिकवला जातो अशी आमची नम्र तक्रार.

भाषेचा पेच आहेच. तालुका-जिल्हा कोर्टाची भाषा मराठी, हायकोर्टाची इंग्रजी, त्यामुळं दावा मराठीत लिहिणारा ज्युनिअर अपिलात अडखळतो आणि इंग्रजीत शिकलेल्याला फेरफार नि सातबारा वाचता येत नाही. ज्युनिअरला महिना शहरात 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार द्यावेत अशी बार कौन्सिलची 2024 ची शिफारस आहे, शिफारसच. 2025 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली, तेव्हापासून पास होऊन थेट जेएमएफसीच्या (याच परीक्षेच्या) क्लासला बसायचा बेत मागं पडला.

ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू आहे, सातारा-सांगली दोन्ही त्यात येतात. मागणी चार दशकांची. हायकोर्टाची इंटर्नशिप म्हणजे मुंबईत चुलत्याकडं महिनाभर राहणं असं जे होतं, ते आता सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी जेवायला येण्यापर्यंत आलंय.