क्रीडाविज्ञान कार्यक्रमांचे चित्रण

खेळाडूची हालचाल मोजून ती पडद्यावर उलगडून दाखवण्याची दूरचित्रवाणीतील निर्मितीपद्धत. दाखवणे आणि मोजणे ही यातली दोन निराळी कामे. दोन्ही एकाच कॅमेऱ्यावर भागवली की गफलत होते.

भारतात प्रसारण सेकंदाला 25 फ्रेमचे असते. ताशी 140 किमी वेगाचा चेंडू दोन फ्रेमच्या दरम्यान दीड मीटरहून जास्त पुढे गेलेला असतो. 1000 फ्रेमने टिपून 25 ने दाखवल्यास हालचाल 40 पट संथ होते. पण शटर (एका फ्रेमसाठी प्रकाश आत येण्याचा वेळ) 1/1000 सेकंद असेल तर सुमारे 7 सेंमी व्यासाचा चेंडू 4 सेंमी फरपटलेला दिसतो. शिवण दिसण्यासाठी 1/5000 लागते, म्हणजे नेहमीच्या 1/50 च्या 100 पट प्रकाश. दुपारचे ऊन त्यामुळेच सोयीचे. सभागृहात वेगळीच पंचाईत: 50 हर्ट्झ विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण 40 पट संथ चित्रात सेकंदाला अडीच वेळा लुकलुक दिसते. खेळाडू येण्याआधी पांढरी भिंत टिपून पाहिली की दोष लगेच सापडतो.

असा वेगवान कॅमेरा आपली स्मृती सतत भरत आणि पुसत असतो. म्हणून बटण घटना घडून गेल्यावर दाबायचे. नवखा माणूस आधी दाबतो आणि नेमका क्षण घालवतो.

आकडे येतात ते सांध्यांवर चिकटवलेल्या परावर्तक मार्करांवरून आणि जमिनीत बसवलेल्या फोर्स प्लेटवरून (पायाचा जोर मोजणारी पाटी). प्रत्येक मार्कर किमान दोन कॅमेऱ्यांना दिसला पाहिजे. घामाने तो सरकला की कोन चुकतो. प्लेट डोळ्यांत भरली तर धावपटू तिच्यावर पाय टाकण्यासाठी पावले तोडतो, म्हणून ती सारख्या रंगाच्या मॅटखाली झाकतात. मॅट मात्र प्लेटच्या कडेने कापावी लागते, नाहीतर भार आजूबाजूला वाटला जातो.

एका कॅमेऱ्याचा भ्रम किती मोठा, हे श्रीलंकेचा फिरकी गोलंदाज मुथय्या मुरलीधरनच्या गोलंदाजीत दिसते. कोपर सरळ करून तो चेंडू टाकत नाही, फेकतो, असा त्याच्यावर आरोप होता. त्याचे कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही. वाकलेला हात खांद्यातून फिरला, की सपाट चित्रात तो सरळ होत असल्यासारखा भासतो. 2004 मध्ये ब्रिटनच्या चॅनल 4 साठी त्याने कोपर धातूच्या ब्रेसमध्ये (हात वाकू-सरळ होऊ न देणारा पट्टा) जखडून ऑफस्पिन आणि उलट्या दिशेने वळणारा ‘दूसरा’ टाकून दाखवला. टीव्हीसाठी प्रयोग चोख होता, पण त्यातून एवढेच सिद्ध झाले की कोपर न हलवताही हे चेंडू टाकता येतात. मोकळा हात किती अंशांनी सरळ होतो (आयसीसीची 2005 पासूनची मर्यादा 15 अंश), हे त्रिमितीय मोजणीतूनच कळते.