आधी आदेरेसो: परदेशात पेरूचं घरचं जेवण शिकण्यामागची गोष्ट

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाचं जेवण म्हटलं की आजकाल सगळे सेविचेचं, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेल्या कच्च्या माशाचं, नाव घेतात, 2023 मध्ये युनेस्कोच्या यादीतपण गेलं ते, पण देशाबाहेर राहणारी पेरुवियन मंडळी घरी जे शिकायला धडपडतात ते सेविचे नसतं. ते असतं आही दे गायीना म्हणजे मिरचीच्या रश्श्यातली कोंबडी, आरोस कोन पोयो म्हणजे कोंबडी-भात, कोथिंबिरीतला सेको म्हणजे मांसाचा रस्सा, सोमवारी हमखास होणारी मसूर आणि भात. थोडक्यात रोजचं दुपारचं जेवण, जे कोणी कधी लिहून ठेवलं नाही कारण लिहायची गरजच पडली नव्हती.

यातल्या बहुतेक पदार्थांची सुरुवात एकच, आदेरेसो. लाल कांदा अगदी बारीक चिरलेला, लसूण वाटलेला, आणि आही अमारियो, म्हणजे पिकल्यावर केशरी होणारी लांबट जाड मिरची, बिया आणि शिरा काढून, दोन-तीनदा पाणी बदलत उकळून मिक्सरमधून काढलेली. हे तेलात मंद आचेवर परतत राहायचं, आपण रश्श्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परततो तसंच, कडेने केशरी तेल दिसायला लागलं की झालं. इथे घाई केली तर कच्चा कांदा शेवटपर्यंत जिभेला लागतो, मग वरून कितीही चीज आणि दूध ओता. माझं तर स्पष्ट मत आहे की रेसिप्या पन्नास गोळा करण्यापेक्षा आधी हे एक नीट जमवावं.

आता गंमत बघा, मिरची अँडीज पर्वताच्या मुलखातली, हजारो वर्षांची, पण कांदा-लसूण आले 1532 नंतर स्पॅनिश लोकांबरोबर. आही दे गायीना तर मूळचा मध्ययुगीन स्पॅनिश थाटाचाच पदार्थ, उकडलेल्या कोंबडीचे धागे, दुधात भिजवलेला पाव, वाटलेले अक्रोड किंवा पेकन, त्याला तिकडच्या मिरचीने रंग आणि चव दिली आणि खाली उकडलेला बटाटा आला. शिळा भात आणि बीन्स एकत्र परतून केलेला ताकू ताकू, गाईच्या हृदयाचे तुकडे सळईवर भाजलेले अंतिकूचोस, हे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या हातचं. गुलामगिरी संपली 1854 मध्ये, पदार्थ राहिले. हिरवा पास्ता, बेसिल आणि पालकाचा, हा जेनोव्हाकडच्या इटालियन लोकांचा.

पण घरच्या जेवणावर सगळ्यात खोल हात फिरवला तो चिनी मजुरांनी. 1849 ते 1874 या पंचवीस वर्षांत एक लाखाच्या आसपास माणसं, जवळजवळ सगळे पुरुष, बरेचसे मकाव बंदरातून, आठ वर्षांच्या करारावर आणली गेली, उसाच्या आणि कापसाच्या मळ्यांवर, रेल्वेच्या कामावर, आणि पेरूच्या किनाऱ्याजवळच्या चिंचा नावाच्या बेटांवर ग्वानो म्हणजे पक्ष्यांच्या विष्ठेचं खत खणायला, ते काम तर जीवघेणंच होतं. तांदूळ त्यांच्या शिध्यातच असायचा. करार संपलेले बरेच जण राजधानी लिमात आले, छोट्या खानावळी काढल्या, लोकांच्या घरी आचारी म्हणून लागले, कायये कापोन या रस्त्याच्या आजूबाजूला चिनी वस्ती उभी राहिली. लोमो साल्तादो बघा, बीफच्या पट्ट्या कढईत मोठ्या आचेवर, सोया सॉस, व्हिनेगर, कांदा, टोमॅटो, आही, त्यातच फ्रेंच फ्राइज आणि बाजूला भात. बटाटा आणि भात एकाच ताटात बघून परके लोक हसतात, पेरूत कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. 1899 मध्ये साकुरा मारू जहाजातून 790 जपानी कायाओ बंदरात उतरले, त्यांनी पुढे माशाच्या पदार्थांत बदल केले, तो भाग सगळीकडे लिहिलेला असतो म्हणून इथे सोडतो.

मग पेरूची माणसं देश सोडून का निघाली? 1980 पासून सेंदेरो लुमिनोसो या माओवादी संघटनेचं सशस्त्र बंड, त्यात आणि लष्कराच्या कारवाईत मिळून 69,000 च्या वर माणसं गेली असा सत्यशोधन आयोगाचा 2003 चा अंदाज. त्यात अर्थव्यवस्था कोसळलेली, 1990 मध्ये महागाईचा दर 7,000 टक्क्यांच्या वर, सकाळी एक भाव आणि संध्याकाळी दुसरा. डोंगरातली माणसं लिमात आणि लिमातली परदेशात. त्या काळात लिमाच्या झोपडपट्ट्यांत बायकांनी एकत्र येऊन कोमेदोर पोपुलार, म्हणजे सामुदायिक स्वयंपाकघरं, चालवले, घरटी थोडे थोडे पैसे, मोठ्या पातेल्यात एकच रांधा, वाटून न्यायचं. लिमातल्याच बिया एल साल्वादोर वस्तीच्या मारिया एलेना मोयानो या त्याच चळवळीतल्या, बंडखोरांना उघड विरोध केला म्हणून 1992 च्या फेब्रुवारीत त्यांना मारलं. कमी मांस आणि जास्त बटाटा-भात असा जो हिशोब आज परदेशातल्या घरातही दिसतो, त्यातला बराचसा या वर्षांतला आहे असं मला वाटतं.

बाहेर गेलेल्यांमध्ये स्पेन, इटली, अर्जेंटिना, चिली, अमेरिका सगळंच आलं. जपानने 1990 मध्ये कायदा बदलून जपानी वंशाच्या परदेशी लोकांना राहायची आणि काम करायची मुभा दिली, मग साकुरा मारूवाल्यांची नातवंडं उलट दिशेने कारखान्यांत कामाला गेली. अमेरिकेत न्यू जर्सीचं पॅटरसन. आधी गिरण्यांच्या कामासाठी आलेले लोक, मग त्यांचे नातेवाईक, आता तिथे पेरूचा कॉन्सुलेट आहे आणि 2016 मध्ये एका भागाला पेरू स्क्वेअर नाव दिलं. जर्सीत राहणाऱ्या मराठी लोकांनी एकदा तिथल्या दुकानांत चक्कर मारावी, भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवरून गाडीने काही फार लांब नाही.

सामानाचं मात्र नशिबावर असतं. ताजी आही अमारियो क्वचितच दिसते, फ्रीझरमध्ये अख्खी किंवा बाटलीत पेस्ट मिळते. हुआकाताय नावाचा पाला लागतो, तो आपल्या झेंडूचाच भाऊबंद, तोही पेस्टच्या रूपातच. दूध म्हणजे डब्यातलं आटवलेलं, ताजं नाही, आणि ही काही परदेशातली तडजोड नव्हे, पेरूतच 1940 च्या दशकापासून अरेकिपा शहरात हे दूध डब्यात भरायला लागले आणि घराघरात तेच रुळलं. पिवळा पिठूळ बटाटा मिळत नाही म्हणून काउसा, म्हणजे कुस्करलेल्या बटाट्याचा थंड थरांचा पदार्थ, त्यासाठी लोक युकॉन गोल्ड घेतात. हा बटाटा कॅनडात तयार करून 1980 मध्ये बाजारात आणला, आणि त्याच्या वंशावळीत अँडीजमधला पिवळा बटाटा आहेच, त्यामुळे हा पर्याय अगदीच परका नाही. मिरचीच्या पेस्टमध्ये मीठ बहुतेक आधीच असतं, म्हणून आदेरेसोत मीठ घालायच्या आधी चाखून बघा, आणि बाटली उघडली की फ्रीजमध्ये ठेवा.